दहावीचं इंग्रजी: ५० गुण गाइडच्या बाहेरचे

राज्य मंडळाच्या दहावीच्या इंग्रजीत लेखी परीक्षा ८० गुणांची असते. त्यात पाठ्यपुस्तकातले उतारे २० गुणांना आणि कविता १० गुणांना. उरलेले ५० गुण भाषाभ्यास, पुस्तकाबाहेरचा उतारा, सारांश, पत्र, माहितीचं रूपांतर अशा कृतींचे. त्यांची उत्तरं कुठल्याच गाइडमध्ये तयार मिळत नाहीत. धडा कृतिपत्रिकेत, म्हणजे प्रश्नपत्रिकेत, छापूनच येतो, शिवाय प्रत्येक उताऱ्यावर व्याकरणाची आणि स्वतःच्या मताची कृती असतेच. तरीही घोकंपट्टी होते ती नेमकी धड्याखालच्या उत्तरांची.

धडा तीनदा वाचा. पहिल्यांदा न थांबता, अडलेल्या शब्दाखाली फक्त पेन्सिलीची रेघ. दुसऱ्यांदा परिच्छेदागणिक समासात चार-पाच शब्दांत लिहा की इथे काय घडलं. मराठीत लिहिलंत तरी चालेल. तिसऱ्यांदा मोठ्याने. शब्दांच्या वहीत एका धड्याचे आठ-दहा शब्द पुरेत, पण सुटा शब्द उतरवू नका, शेजारच्या शब्दासकट घ्या. ‘डिपेंड’ पाठ केलेला मुलगा पेपरात ‘डिपेंड अपॉन, की फ्रॉम?’ असा अडतो. ‘डिपेंड ऑन’ लिहून ठेवणारा अडत नाही.

कवितेचं रसग्रहण ५ गुणांचं. शीर्षक आणि कवी मिळून १, यमकरचना १, एक अलंकार १ आणि मध्यवर्ती कल्पना २. इथे गुण जातात ते घाईमुळे.

यमक कानाने ठरतं, स्पेलिंगने नाही. ओळींच्या शेवटी नाइट, ट्री, लाइट, सी (समुद्र) असे शब्द असतील तर रचना ‘एबीएबी’, म्हणजे जुळणाऱ्या ओळींना एकच अक्षर. पण ‘लव्ह’ आणि ‘मूव्ह’ यांची शेवटची तीन अक्षरं सारखी असली तरी उच्चार जुळत नाही, आणि ‘ट्री’ व ‘सी’ची स्पेलिंगं वेगळी असूनही यमक आहे. म्हणून शेवटचे शब्द मोठ्याने म्हणूनच अक्षरं द्या. परीक्षेत ओठांतल्या ओठांत. मुक्तछंद असेल तर यमक नाही, कविता मुक्तछंदात आहे, असं सरळ लिहायचं. नसलेलं ‘एएबीबी’ बसवू नका.

अलंकारांत मराठी व्याकरणाची तयारी फुकट जात नाही. सिमिली म्हणजे उपमा, मेटाफर म्हणजे रूपक, पर्सॉनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ती, हायपरबली म्हणजे अतिशयोक्ती, अलिटरेशन म्हणजे अनुप्रासाचा एक प्रकार. सापळे मात्र इंग्रजीचे आहेत. ‘लाइक’ दिसलं की सिमिली, हा नियम खोटा आहे. ‘आय लाइक मँगोज’मध्ये तुलना कुठे आहे? अलिटरेशनही आवाजाचं असतं. ‘सिटी’ आणि ‘कॅट’ दोन्ही ‘सी’ने सुरू होतात, तरी ते अलिटरेशन नाही, ‘फोन’ आणि ‘फिश’ मात्र आहे. नुसतं नाव लिहून थांबू नका. ओळ उद्धृत करा आणि कशाची तुलना कशाशी, कोणत्या निर्जीव वस्तूला माणसाचा कोणता गुण दिला, हे एका वाक्यात सांगा. ‘इन्व्हर्जन’ (शब्दांचा उलटलेला क्रम) लिहायचं असेल तर त्या ओळीचा साधा गद्य क्रम खाली मांडून दाखवा, म्हणजे शंका राहत नाही.

मध्यवर्ती कल्पना म्हणजे कवितेचा अर्थ ओळीमागून ओळ सांगणं नव्हे. दोन-तीन वाक्यं पुरतात: विषय काय, आणि कवीचं त्यावर म्हणणं काय.

सारांशाचा सराव ओळखीच्या मजकुरावर करा. समजा, उतारा पहिल्या प्रवासी रेल्वेचा आहे: १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, सुमारे ३४ किलोमीटर, १४ डबे, ४०० च्या आसपास पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. काय ठेवाल? तारीख, कुठून कुठे आणि ही भारतातली पहिली प्रवासी गाडी होती, एवढंच. इंजिनांची नावं कितीही गोड वाटली तरी जाणार, डब्यांची संख्याही जाणार. मूळ ९० शब्दांचं असेल तर सारांश ३० च्या आसपास. उताऱ्यातली वाक्यं उचलून जोडली की तो सारांश राहत नाही, कात्रण होतं. शीर्षक विसरू नका.

माहितीच्या रूपांतरासाठी लोकल रेल्वेचा ट्रान्सहार्बर मार्ग घ्या. ठाण्याहून तुर्भ्यापर्यंत एकच फांदी, पुढे एक सानपाड्यावरून वाशीकडे आणि दुसरी जुईनगर, नेरूळवरून पनवेलकडे. याचा वृक्षालेख (झाडाच्या फांद्यांसारखी आकृती) काढा, मग आलेख झाकून तोच मार्ग इंग्रजी परिच्छेदात लिहा. असे चार-पाच सराव केले की पेपरातला तक्ता घाबरवत नाही.

व्याकरणातल्या बऱ्याच चुका मराठीतून येतात, म्हणून त्या सापडतातही पटकन. ‘मी दोन वर्षांपासून ठाण्यात राहतो’ याचं मुलं करतात ‘आय ॲम लिव्हिंग इन ठाणे सिन्स टू इयर्स’. हवं ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन ठाणे फॉर टू इयर्स’. सिन्सनंतर सुरुवातीची वेळ येते, फॉरनंतर कालावधी. ‘जरी-तरी’च्या सवयीने ‘ऑलदो’ आणि ‘बट’ एकाच वाक्यात येतात. दोहोंपैकी एक काढा. प्रश्न अप्रत्यक्ष कथनात गेला की शब्दक्रम विधानाचा होतो: ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड’, ‘व्हेअर डिड आय लिव्ह’ नाही. मराठीत ‘अ’ आणि ‘द’सारखी आर्टिकल्स नसल्याने ती गळतात. त्यासाठी स्वतःचं लिखाण तपासताना एक फेरी फक्त आर्टिकल्ससाठी ठेवा.

पेपर तीन तासांचा असतो. शेवटची १५ मिनिटं नवं काही लिहू नका. आधी कृतींचे क्रमांक जुळवा, मग पत्रातली तारीख आणि विषय पाहा, मग ‘ही’, ‘शी’, ‘इट’नंतरच्या साध्या वर्तमानकाळातल्या क्रियापदांना ‘एस’ लागला आहे का, ते बघा.