हंबरवरच्या रेल्वे आगबोटींचा इतिहास कसा जुळवावा

इंग्लंडमधल्या हंबर खाडीत उत्तर काठावरच्या हलपासून दक्षिण काठावरच्या न्यू हॉलंडपर्यंत रेल्वेच्या मालकीच्या, दोन्ही बाजूंना चाके असलेल्या आगबोटी चालत. पाणी उथळ, वाळूचे बांध सतत सरकणारे, म्हणून कमी खोलीत तरणारी चाकांची बोट इथे टिकली.

बोटीचा शोध नावावरून सुरू करू नका. आधी मर्कंटाइल नेव्ही लिस्टच्या, म्हणजे ब्रिटिश नोंदणीकृत व्यापारी बोटींच्या यादीच्या, छापील खंडातून तिचा अधिकृत नोंदणी क्रमांक काढा. नाव पुन्हा दिले जाते, क्रमांक नाही. उदाहरणार्थ, स्कॉटलंडमधल्या क्लाइड नदीवरची पहिली ‘वेव्हर्ली’ १८९९ ची, ती १९४० मध्ये डंकर्कला बुडाली. दुसरी १९४६ मध्ये पाण्यात उतरली. निव्वळ नावावर भिस्त ठेवली की या दोघींची एकच बोट होते.

मग मालकांची साखळी लावा. हंबरची फेरी चालवणारी मँचेस्टर, शेफील्ड अँड लिंकनशायर रेल्वे १८९७ मध्ये ग्रेट सेंट्रल झाली, १९२३ मध्ये लंडन अँड नॉर्थ ईस्टर्नमध्ये मिसळली आणि १९४८ मध्ये सरकारी झाली. लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात जुन्या कंपन्यांची दप्तरे ‘रेल’ मालिकेत वेगवेगळी लावलेली आहेत, त्यामुळे साल चुकले की दप्तरही चुकते.

जलावतरण आणि सेवेत येणे या दोन तारखा वेगळ्या लिहा. हंबरवरच्या ‘टॅटरशॉल कॅसल’ आणि ‘विंगफील्ड कॅसल’ १९३४ च्या, वेस्ट हार्टलपूलच्या विल्यम ग्रे कंपनीने बांधलेल्या. ग्लासगोत बांधलेली त्यांची जोडीदार ‘लिंकन कॅसल’ मात्र १९४० मध्ये पाण्यात उतरली आणि १९४१ मध्ये कामाला लागली.

छायाचित्राला तारीख नसेल तर धुराडे पाहा. सरकारी काळात सुरुवातीला ते पिवळसर आणि टोकाला काळे होते. लाल रंगावर दुहेरी बाण, म्हणजे ब्रिटिश रेल्वेचे चिन्ह, दिसला तर छायाचित्र १९६५ किंवा त्यानंतरचे.

सर्वांत जास्त घोळ शेवटच्या वर्षांत होतो. ‘लिंकन कॅसल’ १९७८ मध्ये थांबली, फेरी मात्र जून १९८१ मध्ये हंबर पूल खुला होईपर्यंत चालली. मधली तीन वर्षे ‘फॅरिंगफर्ड’ने काढली. तिला चाके होती, पण ती डिझेल-इलेक्ट्रिक. तिला आगबोटींच्या यादीत घालू नका.

जुन्या तिकिटावर ‘हल कॉर्पोरेशन पिअर’ हे स्थानकाचे नाव दिसले म्हणून तिथे गाडी येत होती असे धरू नका. त्या स्थानकाला रूळच नव्हते, तिकीट काढून थेट बोटीत चढायचे. गाडी यायची ती पलीकडे, न्यू हॉलंडच्या धक्क्यावर.

नोंदीतला ‘टन’ वजनाचा नव्हे, जागेचा: १०० घनफूट म्हणजे एक टन. ढोबळ (ग्रॉस) आणि निव्वळ (नेट) आकडे वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा.