मिठाच्या पुड्यावर तारीख लिहा: रक्तदाब आणि हृदय सांभाळण्याचा घरगुती हिशोब

मिठाचा नवा पुडा फोडाल तेव्हा त्यावर पेनाने तारीख टाका, शेजारी घरात जेवणाऱ्या माणसांचा आकडा लिहा. पुडा संपला की पुन्हा तारीख. 1000 ग्रॅमला आधी दिवसांनी भागायचं, मग माणसांनी. जे उत्तर येईल तेवढे ग्रॅम मीठ घरातला प्रत्येक जण रोज खातो. "आमच्याकडे मीठ कमीच असतं" असं बहुतेक घरं सांगतात. पुड्याचा हिशोब बऱ्याचदा वेगळा निघतो.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचा. यात बाहेरचं, पाकिटातलं, लोणच्या-पापडातलं सगळं आलं. बाहेरच्यासाठी निदान एक ग्रॅम राखून ठेवला तर स्वयंपाकघराच्या वाट्याला माणशी 4 ग्रॅम उरतात. चौघांच्या घरात किलोचा पुडा त्या हिशोबाने दोन महिने पुरायला हवा. तो महिन्यात संपत असेल तर माणशी 8 ग्रॅमच्या वर चाललंय.

हिशोब चुकतो तो तीन ठिकाणी. लोणचं, कुरडया, सांडगे घालायला घेतलेलं मीठ त्याच पुड्यातून काढलं की आकडा फुगतो, म्हणून ते वेगळ्या पुड्यातून घ्या. दुपारी कँटीनमध्ये जेवणारा माणूस पूर्ण एक धरू नका, अर्धा धरा. लहान मूलही अर्धंच. आणि दोन पुड्यांचा हिशोब लागल्याशिवाय निष्कर्ष काढू नका; एका पुड्यात दिवाळी किंवा पाहुणे येऊन गेलेले असतात.

ताटाची डावी बाजू

आपल्या ताटात उजवीकडे भाजी, आमटी. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, जवळपास कुठेतरी पापड. आमटीतलं मीठ कमी करायला घेतलं की घरात कुरबुर होते. डावी बाजू मात्र कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि मीठ तिथेच दडलेलं असतं. घरच्या कैरीच्या लोणच्याला किलोभर फोडींना 200 ग्रॅमच्या आसपास मीठ लागतं, नाहीतर ते वर्षभर टिकणार नाही. म्हणजे 10 ग्रॅमची फोड खाल्ली की ग्रॅमभर मीठ पोटात गेलं, दिवसाच्या वाट्याचा पाचवा भाग. पापडात मिठाशिवाय पापडखार असतो आणि त्यातही सोडियमच असतं. पापड भाजला काय नि तळला काय, मीठ तेवढंच. भाजल्याने फक्त तेल वाचतं. ढोकळ्यातला, भज्यांतला खाण्याचा सोडा हाही असाच विसरला जातो. छोट्या चमचाभर सोड्यात सुमारे 1200 मिलिग्रॅम सोडियम असतं, तीन ग्रॅम मिठाएवढं.

सुरुवात म्हणून ताटात वरून घ्यायचं मीठ वाढणं बंद करा. लोणचं, पापड, ठेचा यांतलं एका जेवणाला एकच घ्या. भात शिजवताना आणि पोळीची कणीक भिजवताना मीठ घालायची गरज नाही. सोबत आमटी-भाजी असतेच. भाजीतलं मीठ दर आठवड्याला चिमूटभर कमी करत जा. एकदम अर्ध्यावर आणलंत तर घरचे वरून मीठ मागतील आणि गेला हिशोब. जिभेला कमी मिठाची सवय व्हायला काही आठवडे लागतात. तोवर आंबटपणा सांभाळून घेतो: आमसूल, लिंबू, चिंच, कैरी. लसूण, जिऱ्याची पूड, तिळाचं कूट, कारळं यांनीही फिकेपणा झाकला जातो. मीठ शेवटी घातलं तर कमी मिठातही चव लागते, कारण ते वरवर राहतं. उसळीला हे विशेष लागू.

पाकिटावर मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम असतं. त्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. फरसाणाच्या पाकिटावर 100 ग्रॅमला 800 मिलिग्रॅम सोडियम असेल आणि चहाबरोबर 50 ग्रॅम खाल्लं, तर 400 गुणिले अडीच, म्हणजे बरोबर एक ग्रॅम. पाव आणि बिस्किटं खारट लागत नाहीत म्हणून सुटतात; त्यांचीही पाकिटं बघा.

सैंधवाबद्दल रोज कोणीतरी विचारतं. सैंधव म्हणजेही जवळजवळ पूर्ण सोडियम क्लोराइडच. रक्तदाबाच्या दृष्टीने त्यात आणि साध्या मिठात फरक नाही, उलट आयोडीन घातलेलं नसेल तर तेवढं नुकसानच. "लो सोडियम" मीठ खरोखर वेगळं असतं, कारण त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेलं असतं आणि त्याने रक्तदाब उतरतो. पण मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी गोळी चालू असेल, तर रक्तात पोटॅशियम साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशा घरात ते मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये.

तेलाची पिशवी

हीच रीत तेलाला. लिटरच्या पिशवीत साधारण 910 ग्रॅम तेल असतं. बैठं काम करणाऱ्याला तेल, तूप, लोणी मिळून दिवसाला 20 ग्रॅमच्या आसपास पुरतं. चौघांच्या घराला महिन्याला 2 लिटर तेल आणि पाव ते अर्धा किलो तूप, इतकं पुष्कळ झालं. याच्या दुप्पट लागत असेल तर ते कुठे जातं हे शोधायला आठवडाभर बरणीतून थेट ओतायचं बंद करून छोट्या चमच्याने मोजून घाला. चौघांच्या भाजीला 4 चमचे, आमटीच्या फोडणीला 2. घडीच्या पोळीला आत आणि वरून मिळून अर्धा चमचा धरला तरी 12 पोळ्यांना 6 चमचे, म्हणजे 27 ग्रॅम झाले. भाकरीला शून्य. रोज एका वेळी तरी ज्वारी-बाजरीची भाकरी असावी यामागे चोथ्याइतकंच हे कारणही आहे.

"तेल सुटेपर्यंत परता" हे वाटणाच्या पाककृतीतलं वाक्य महागात पडतं. वाटण खाली लागायला लागलं की तेलाऐवजी दोन चमचे पाणी मारा, झाकण ठेवा, पुन्हा परता. मिसळीवरची तर्री म्हणजे तरंगणारं तेलच. डावाने बाजूला सारून रस्सा घ्या.

कोणतं तेल? शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, मोहरी, राइसब्रान यांतलं एक संपलं की दुसरं आणा, एवढ्यावर वाद संपवावा. खोबरेल तेलात आणि तुपात संपृक्त मेद जास्त, त्यामुळे एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढतं. चमचाभर तूप वरण-भातावर चालेल, पण ते औषध समजून वाटीने खाऊ नये. वनस्पती तूप मात्र घरात नकोच. 2022 पासून तेल-तुपात ट्रान्स फॅट (तेल घट्ट करताना तयार होणारा अपायकारक मेद) 2 टक्क्यांच्या वर ठेवायला देशात बंदी आहे, तरी वनस्पतीत संपृक्त मेद भरपूर असतोच. पुऱ्या तळून उरलेलं तेल गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवा. त्यातच नवं तेल घालून पुन्हा तळू नका.

कोकणातल्या घरांना एक जमेची बाजू आहे. बांगडा, तारली हे स्वस्त मासे ओमेगा-3 या हृदयाला चांगल्या मेदाने भरलेले असतात. आठवड्यातून दोनदा तिखलं किंवा पातळ कालवण करा, रव्यात तळून नको. खारा बांगडा, सुकट मात्र मिठाच्या हिशोबात धरा. शाकाहारी घरात जवसाची चटणी रोज चमचा-दोन चमचे.

भात, डाळ, उपास, तंबाखू

मराठी ताटात डाळ असते, पण पातळ. वाटीभर पातळ वरणात जेमतेम 15-20 ग्रॅम कोरडी डाळ, म्हणजे 4 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. तेवढ्यावर दोन वाट्या भात जातो आणि जेवणानंतर साखर चढते. वरण दाट करा, किंवा एका वेळी मटकी, चवळी, हरभरा यांची उसळ ठेवा. ताटाचा अर्धा भाग भाजी-कोशिंबीर, पाव भाग डाळ-उसळ-मासे, पाव भाग भात किंवा भाकरी. गुळाचा चहा म्हणजे साखरेचाच चहा. दोन-दोन चमचे घातलेले तीन कप झाले की जवळपास 25 ग्रॅम साखर होते, दिवसभरासाठी तेवढीच पुष्कळ.

उपासाच्या दिवशी बहुतेक घरांत नेहमीपेक्षा जास्त खाल्लं जातं. 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात 85 ग्रॅमच्या वर पिष्टच असतं, प्रथिनं जवळपास नाहीत. वर बटाटा आणि तूप. त्यापेक्षा वरी, सोबत दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, ताक. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशी राहिल्यावर साखर धोकादायक उतरते आणि खिचडीनंतर उसळी मारते. डोस आधी विचारून घ्या.

तंबाखू ओढा, मळा नाहीतर मिश्री लावा, निकोटीन रक्तात जातंच, नाडी आणि रक्तदाब चढतो. मिश्रीला अनेक घरांत व्यसन म्हणतच नाहीत. दात घासणं म्हणतात. डॉक्टर "तंबाखू घेता का" विचारतात आणि बाई "नाही" म्हणते. प्रश्न "मिश्री लावता का" असा विचारायला हवा. सोडायचं असेल तर 1800-11-2356 हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे.

चालणं आठवड्याला 150 मिनिटं, अशा वेगाने की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. रात्रीच्या जेवणानंतरची 10-15 मिनिटं साखरेसाठी फार कामाची. आठवड्यातून दोन दिवस उठाबशा, भिंतीला हात टेकून दंड.

मोजणी

टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता. पुरुषाचा घेर 90 सेंटिमीटर आणि बाईचा 80 च्या आत हवा. वजनकाट्यावर विसंबू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, 22.3 होता, शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची 21.2 टक्के, युडकिन यांची 9.1. 2004 साली दोघांच्या फोटोसह हे छापून आलं. बारीक हातापायांचा, पोट सुटलेला मराठी माणूस म्हणूनच निर्धास्त राहू शकत नाही.

रक्तदाबाचं यंत्र दंडावर बांधायचं घ्या, मनगटाचं नको. आधी दंडाचा घेर मोजा: 32 सेंटिमीटरच्या वर असेल तर मोठा पट्टा लागतो. लहान पट्ट्याने आकडा उगाच जास्त येतो आणि नको त्या गोळ्या सुरू होतात. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. खुर्चीला पाठ टेकून, पावलं जमिनीवर, मांडी न घालता, पायावर पाय न टाकता 5 मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीत, उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर. मोजताना कोणाशीही बोलू नका. नुसत्या बोलण्यानेही वरचा आकडा चढतो.

सकाळी गोळी घेण्याआधी दोनदा, मिनिटाच्या अंतराने. संध्याकाळी तसंच दोनदा. असे सात दिवस. पहिला दिवस खोडा, उरलेल्या 24 नोंदींची सरासरी काढा. घरच्या मोजणीत ती 135/85 किंवा जास्त असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. चांगले आकडे तेवढे वहीत उतरवायचे ही चूक बरेच जण करतात. यंत्रात साठलेल्या नोंदी दाखवा. आकडा नीट आला म्हणून गोळी बंद करू नका, तो गोळीमुळेच नीट आलेला असतो.

तिशीनंतर उपाशीपोटी साखर, एचबीए1सी (गेल्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर) आणि लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे) तपासून घ्या. एचबीए1सी 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, 6.5 पासून मधुमेह. आईवडिलांना लवकर हृदयविकाराचा झटका आला असेल तर लायपोप्रोटीन(ए) (कोलेस्टेरॉल वाहणारा, बहुतांशी आनुवंशिक कण) ही तपासणी आयुष्यात एकदा करा. ते वाढलेलं असलं तर आहाराने फारसं उतरत नाही, म्हणून बाकीचे आकडे अधिक कडक सांभाळावे लागतात.

छातीत दाबल्यासारखं वाटणं, जबडा, पाठ किंवा हात भरून येणं, थंड घाम, यांना "गॅस झालाय" म्हणून सोडा पाजत बसू नका. मधुमेहींना आणि बायकांना कित्येकदा छातीत दुखतच नाही. दम लागतो, मळमळतं, एकदम गळून जायला होतं. 108 ला फोन करा, रुग्णाला चालवू नका, गाडी तर मुळीच चालवायला देऊ नका. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर फोनवर डॉक्टरांना विचारून 300 मिलिग्रॅमची गोळी चावून खायला द्या. शेजाऱ्याच्या डब्यातली जिभेखालची सॉर्बिट्रेट देऊ नका. रक्तदाब आधीच उतरलेला असेल तर ती जीवघेणी ठरू शकते. रुग्णालयात पहिला ईसीजी नीट आला तरी त्रास चालू असेल तर घरी परतू नका, थोड्या वेळाने दुसरा काढायला आणि रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) तपासायला सांगा.