लघवीच्या रिपोर्टमध्ये शुक्राणू दिसले, तर काय करावे

तालुक्याच्या गावातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी बरीच वर्षं मायक्रोस्कोपसमोर बसतो. एखाद्या पुरुषाच्या लघवीत शुक्राणू दिसले की रिपोर्टच्या तळाशी 'स्पर्मॅटोझोआ: प्रेझेंट' एवढी एक ओळ लिहून जाते. ती वाचून माणूस काउंटरवर परत येतो, आजूबाजूला कोणी नाही ना ते बघतो आणि अगदी हळू आवाजात विचारतो, "साहेब, हे काय आलंय?" पाठीमागे रांग असते, त्यामुळे उत्तर अर्धंच देता येतं. ते पूर्ण उत्तर इथे लिहितोय.

आम्हाला नेमकं काय दिसतं, ते आधी सांगतो. साधारण दहा मिलीलीटर लघवी सेंट्रिफ्यूजमध्ये पाचेक मिनिटं फिरवली की तळाशी गाळ बसतो. त्याचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन चारशेपट मोठा करून पाहतो. रक्तपेशी, पस सेल्स (पुवाच्या पेशी), खड्यांचे स्फटिक यांच्यात मध्येच एखादा शुक्राणू पडलेला असतो. डोकं लाल रक्तपेशीपेक्षाही लहान, पण शेपूट त्याच्या दसपट लांब, त्यामुळे ओळखायला चूक होत नाही. बहुतेक वेळा तो हलत नसतो, कारण लघवी त्याला मानवत नाही. दिसलं ते आम्ही लिहितो. ती नोंद आहे, आजाराचं नाव नाही.

पहिलं काम घरी बसूनच करायचं: तारखा आठवायच्या. नमुना दिला त्याच्या आदल्या रात्री किंवा त्या पहाटे संबंध आला होता का? हस्तमैथुन? झोपेत वीर्य गेलं होतं का? पुरुषाच्या शरीरात वीर्य आणि लघवी शेवटी एकाच नळीतून बाहेर पडतात. वीर्य गेल्यावर थोडा अंश त्या नळीत राहतो आणि पुढच्या लघवीबरोबर धुऊन निघतो. आमच्याकडे येणाऱ्या अशा रिपोर्टमागे बहुतेक वेळा एवढंच कारण असतं. उत्तर 'हो' असेल आणि दुसरा काही त्रास नसेल, तर काळजीचं कारण नाही.

तरी शंका राहिली तर तपासणी पुन्हा करा, पण नीट करा. दोन-तीन दिवस वीर्यपतन होऊ देऊ नका. त्या दिवशी सकाळची पहिली लघवी सोडून द्या, नमुना त्यानंतरचा द्या. सुरुवातीची धार संडासात जाऊ द्या, मधली धार डबीत धरा. डबी लॅबमधूनच घ्या. घरची धुतलेली औषधाची बाटली आणू नका. साबणाचा अंश राहिला तरी रिपोर्ट बिघडतो.

इथे मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. वीर्यात भरपूर प्रथिनं असतात. ते लघवीत मिसळलं तर लघवीत बुडवायच्या तपासणीच्या पट्टीवर 'प्रोटीन: ट्रेस' (म्हणजे किंचित) किंवा एक प्लस येऊ शकतं आणि घरात किडनीची चर्चा सुरू होते. रिपोर्टमध्ये शुक्राणू आणि प्रोटीन दोन्ही आले असतील, तर प्रोटीनचा निष्कर्ष काढण्याआधी वर सांगितल्याप्रमाणे दुसरा नमुना द्या. किडनीसाठी लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी करायची असेल, तेव्हाही हेच पथ्य पाळा.

आता समजा तारखा जुळत नाहीत, किंवा दर वेळी शुक्राणू येतात. मग स्वतःला एक प्रश्न विचारा: समाधानाच्या क्षणी वीर्य पूर्वीएवढं बाहेर पडतं का? की अगदी थोडं येतं, किंवा येतच नाही, आणि नंतरची लघवी गढूळ दिसते? याचं उत्तर पुरुष आपल्या डॉक्टरलाही सांगत नाहीत, आणि खरी माहिती त्यातच दडलेली असते.

वीर्य बाहेर पडताना मूत्राशयाचं तोंड घट्ट मिटतं, म्हणून ते पुढे जातं. ते तोंड मिटलंच नाही, तर वीर्य उलटं मूत्राशयात शिरतं आणि पुढच्या लघवीतून निघून जातं. याला रेट्रोग्रेड इजॅक्युलेशन, सोप्या भाषेत उलटं वीर्यपतन म्हणतात. त्याने किडनी बिघडत नाही, ताकद जात नाही. मूल हवं असेल तर मात्र अडचण येते. आणि ते का होतंय, हे शोधणं गरजेचं असतं, कारण त्यामागे कधी कधी दुसरा आजार असतो.

म्हणून डॉक्टरांकडे जाण्याआधी चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत भरा. त्यातली टॅमसुलोसिन, सिलोडोसिन ही नावं बघा. प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढल्यावर लघवी मोकळी व्हावी म्हणून ही औषधं देतात. ती मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करतात, आणि ज्या स्नायूने वीर्य अडवायचं तो हाच. सिलोडोसिनमध्ये हा परिणाम जास्त दिसतो. टॅमसुलोसिनने कधी कधी वीर्य मुळातच कमी येतं. मानसिक आजारावरच्या काही गोळ्यांनीही असं होऊ शकतं. पण कृपा करून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. प्रोस्टेटची गोळी सोडून लघवी अडकली तर रात्री-अपरात्री नळी घालायला दवाखाना गाठावा लागतो, आणि त्या वेदना मी पाहिल्या आहेत. डॉक्टरांना सांगा, ते औषध बदलू शकतात.

प्रोस्टेटचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालेल्या बहुतेकांचं वीर्य नंतर आतच जातं. ऑपरेशनआधी हे सांगायला हवं, पण कित्येकदा राहून जातं. मूत्राशयाच्या तोंडाची शस्त्रक्रिया, मणक्याला झालेली इजा, अंडकोषाच्या कर्करोगासाठी पोटातल्या गाठी काढणं, यांचाही हाच परिणाम होऊ शकतो. जुनी डिस्चार्ज कार्डं सोबत न्या.

आणि साखर. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याबद्दल. बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली की नसा खराब होतात. पायांची आग होते किंवा ते बधिर पडतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण मूत्राशयाचं तोंड मिटवणाऱ्या नसाही त्यातच येतात, हे कोणी सांगत नाही. आमच्याकडे एक ट्रकचालक यायचे, वय चाळिशीच्या आत. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि तपासण्या सगळ्या बायकोच्या चालू होत्या. त्यांच्या रूटीन लघवीत दोनदा शुक्राणू दिसले. मी बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा म्हणाले, "दोन वर्षं झाली, काही बाहेर येतच नाही. कोणाला सांगायचं?" साखर उपाशीपोटी अडीचशेच्या वर निघाली. कधी तपासलीच नव्हती. तुमच्या बाबतीत वीर्य कमी झालं असेल, तर उपाशीपोटी साखर आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) या दोन तपासण्या करून घ्या. उठताना चक्कर येते का, लघवी पूर्ण होत नाही असं वाटतं का, हेही डॉक्टरांना सांगा. ही लक्षणंही त्याच नसांची असू शकतात.

आता धातूबद्दल. लघवी पांढरी दिसली की आपल्याकडे 'धातू जाते' म्हणतात, आणि चाळीस थेंब रक्तातून वीर्याचा एक थेंब बनतो, हे ऐकून पोरं खचतात. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी 1960 साली या भीतीतून येणाऱ्या थकव्याला आणि उदासीला 'धात सिंड्रोम' हे नाव दिलं. वीर्य रक्तातून गाळून बनत नाही. वृषण, शुक्राशय आणि प्रोस्टेट ते रोज तयार करत असतात. ते लघवीतून गेल्याने हाडं झिजत नाहीत. पांढऱ्या लघवीचे नमुने आम्ही रोज तपासतो. त्यात बहुतेक वेळा फॉस्फेटचे क्षार असतात, आणि ॲसेटिक ॲसिडचा थेंब टाकला की गढूळपणा डोळ्यांदेखत विरतो. कधी जंतुसंसर्गाचा पस असतो. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूरकडे, जिथे हत्तीरोग आहे, तिथे लघवी दुधासारखी झाली तर हत्तीरोगाचाही विचार करावा लागतो. भिंतीवरच्या जाहिरातींतल्या 'गुप्तरोग' दवाखान्यांत पैसे घालवू नका. मनातली उदासी जात नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, त्यात कमीपणा नाही. लघवीत रक्त, आग, थंडीताप असेल किंवा लघवी अडकत असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

उलट्या वीर्यपतनाची शंका असेल तर यूरोलॉजिस्ट (मूत्रविकारांचे डॉक्टर) एक खास तपासणी सांगतात. ती सोपी आहे, पण क्रम चुकला की वाया जाते. आधी दोन ते सात दिवस वीर्यपतन नको. लॅबमध्ये आल्यावर लघवी करून घ्यायची. मग वीर्याचा नमुना एका डबीत. काहीच आलं नाही तरी तसं सांगायचं. त्यानंतर लगेच होणारी सगळी लघवी दुसऱ्या मोठ्या डबीत, धार न सोडता. इथे मधल्या धारेचा नियम लागू नाही, सगळीच लघवी हवी. डब्यांवर नाव आणि वेळ लिहायची. नमुना घरून आणू नका, कारण लघवीत शुक्राणू लवकर मरतात. वीर्य दीड मिलीलीटरपेक्षा कमी आणि लघवीच्या गाळात शुक्राणू भरपूर, असं दिसलं की निदानाला आधार मिळतो.

मूल नको असेल किंवा झालेलं असेल, तर यावर वेगळा उपचार लागत नाही. मूल हवं असेल तर डॉक्टर आधी औषध बदलून पाहतात किंवा मूत्राशयाचं तोंड आवळणाऱ्या गोळ्या देतात. त्याही जमल्या नाहीत, तर लघवीतून शुक्राणू धुऊन वेगळे करतात आणि ते बायकोच्या गर्भाशयात सोडतात. त्यासाठी आधी सोडा बायकार्बोनेट देऊन लघवीचा आंबटपणा कमी करतात. तो सोडा घरच्या डब्यातून चमच्याने घेऊ नका. त्यात सोडियम असतं, आणि रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असलेल्याला त्याची मात्रा डॉक्टरांनीच ठरवून द्यावी लागते.