महागडा सबवूफर घेण्याआधी पेटी आणि वायर बघा

सांगलीत गाडीला सबवूफर (बेस, म्हणजे खालचे सूर, वाजवणारा मोठा स्पीकर) बसवायला जाल तेव्हा खोक्यावरचा ‘१२०० वॉट’ सोडून द्या. तो आकडा क्षणभराचा असतो. आरएमएस, म्हणजे तो सतत किती वॉट पेलतो, ते विचारा. २५० ते ३०० आरएमएसचा साधा १२ इंची सबवूफर नीट बसवला, तर रोजच्या सांगली-मिरज फेऱ्यांना भरपूर होतो.

महागड्यात पैसे जातात ते मोठी व्हॉइस कॉइल (कोन हलवणारं तारेचं वेटोळं), दणकट चुंबक आणि कोनच्या, म्हणजे स्पीकरच्या पुढच्या पडद्याच्या, लांब हालचालीसाठी. मोठ्या आवाजात तासन्‌तास वाजवणार असाल तरच ते वसूल होतात. बाकीच्यांनी ते पेटी-वायरिंगवर घालावेत. सीलबंद पेटी १८ मिमी एमडीएफची (दाबून केलेल्या लाकडी फळीची), आतून साधारण २८ ते ३५ लिटर. सांध्यातून हवा गळली की बेस पोकळ होतो. ५०० वॉट आरएमएसच्या अ‍ॅम्प्लिफायरला ४ गेज जाडीची शुद्ध तांब्याची वायर घ्या. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या वायरीत व्होल्टेज जास्त पडतं. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत. अर्थिंगच्या जागी पत्रा चकाकेपर्यंत रंग घासा, नाहीतर घरघर येते.

अ‍ॅम्प्लिफायरवर लो-पास (वरचे सूर अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झवर, बेस बूस्ट शून्यावर. गेन (अ‍ॅम्प्लिफायर स्टिरिओच्या सिग्नलशी जुळवणारं बटण) म्हणजे व्हॉल्यूम नव्हे! आवाज फाटू लागला की गेन लगेच मागे घ्या. कॉइल बहुधा इथेच जळते, महागडीसुद्धा.