सोलापूरच्या माळावरून मंद ग्रहीय तेजोमेघ कसे पाहावेत

ग्रहीय तेजोमेघाचा ग्रहांशी काही संबंध नाही. १७८० च्या दशकात खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्षेल यांना ही लहान, गोल, फिकट बिंबे दुर्बिणीतून ग्रहांसारखी भासली आणि ते नाव रूढ झाले. प्रत्यक्षात सूर्यासारखा तारा आयुष्याच्या अखेरीस आपली बाहेरची आवरणे अवकाशात सोडून देतो, आणि उघड्या पडलेल्या तप्त गाभ्याच्या अतिनील किरणांनी तो वायू उजळतो. हाच ग्रहीय तेजोमेघ. स्वरमंडळ तारकासमूहातला एम ५७ किंवा जंबुक तारकासमूहातला एम २७ (एम आणि एनजीसी ही खगोलीय वस्तूंच्या सूचींची नावे) हे त्यांतले ठळक तेजोमेघ नवख्यालाही लवकर सापडतात. ते पाहून झाले असतील, तर त्यापुढच्या दोन मंद तेजोमेघांसाठी हा लेख आहे: कुंभ राशीतला एनजीसी ७२९३, म्हणजे हेलिक्स, आणि तिमिंगल तारकासमूहातला एनजीसी २४६.

हेलिक्सची एकूण प्रत (तेजस्वितेचा आकडा; तो जितका लहान, तितकी वस्तू तेजस्वी) साडेसातच्या आसपास असल्यामुळे कागदावर तो सोपा वाटतो. परंतु हा सगळा प्रकाश चंद्रबिंबाच्या सुमारे निम्म्या व्यासावर पसरलेला आहे, त्यामुळे आकाशाच्या पार्श्वभूमीवर तो जेमतेम उठून दिसतो. एकूण प्रतीवरून तेजोमेघाची सुलभता ठरवू नये. प्रत आणि आकार नेहमी एकत्र वाचावेत.

रात्र आणि जागा

सोलापूर सुमारे १७.७ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे हेलिक्स मध्यान्हवृत्तावर, म्हणजे आकाशातल्या उत्तर-दक्षिण रेषेवर, येतो तेव्हा आपल्या क्षितिजापासून ५१ अंश उंच असतो. लंडनच्या निरीक्षकाला तो १८ अंशांवरही मिळत नाही. हा लाभ वाया घालवू नये. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री नऊच्या सुमारास तो सर्वांत उंच असतो. मात्र आश्विन अमावास्येला लक्ष्मीपूजन असते आणि फटाक्यांचा धूर उशिरापर्यंत हवेत रेंगाळतो, म्हणून माझ्या मते कार्तिक अमावास्येच्या आसपासच्या रात्री अधिक चांगल्या. त्या दिवसांत अंधार पडताच हेलिक्स पाहावा आणि नंतर एनजीसी २४६ कडे वळावे.

दोन्ही तेजोमेघ दक्षिण आकाशात असल्यामुळे शहराच्या दिव्यांची प्रभा आपल्या पाठीशी राहिली पाहिजे. त्यासाठी शहराच्या दक्षिणेला, विजयपूर रस्त्याने मंद्रूपच्या बाजूला, रस्त्यापासून आत असलेला कोरडा माळ निवडावा. उसाच्या फडालगतची जागा टाळावी. तिथे दव लवकर पडते, आणि तोडणीनंतर पाचट पेटवले असेल तर आकाश दुधाळ होते. शेतमालकाची परवानगी आधी घ्यावी, सोबत एखादा माणूस न्यावा आणि साप-विंचवांसाठी पायात बूट असावेत. जागेची परीक्षा सोपी आहे: कुंभेतला उप्सिलॉन हा ५.२ प्रतीचा तारा नुसत्या डोळ्यांनी दिसला, तर आकाश या कामाला पुरेसे काळे आहे.

साधने

आठ इंची, १२०० मिलिमीटर नाभ्यंतराची डॉबसोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची, दुर्बीण मी गृहीत धरली आहे. तिला ३० मिलिमीटरचा आयपीस (डोळ्याकडचे भिंग) लावला की ४० पट वर्धन आणि सुमारे १.३ अंशांचे दृश्यक्षेत्र मिळते, तर १५ मिलिमीटरच्या आयपीसने ८० पट. दिवसभर घरात किंवा गाडीत तापलेला आरसा थंड व्हायला वेळ लागतो, म्हणून माळावर पोहोचताच सर्वांत आधी दुर्बीण उघड्यावर मांडून ठेवावी.

खर्च करायचाच असेल तर महागड्या आयपीसपेक्षा ओ-थ्री फिल्टर (आयपीसवर लावायची, ऑक्सिजनच्या ठरावीक रेषांचाच प्रकाश सोडणारी काच) घ्यावा, असे मी ठामपणे सांगेन. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हगिन्स यांनी १८६४ मध्ये कालेय तारकासमूहातल्या एका ग्रहीय तेजोमेघाचा वर्णपट पाहिला, तेव्हा त्यांना ताऱ्यांसारखा सलग पट्टा न दिसता मोजक्या हिरवट रेषा दिसल्या. त्यांतल्या ठळक रेषा कोणत्या मूलद्रव्याच्या, याचा उलगडा भौतिकशास्त्रज्ञ आयरा बोवेन यांनी १९२७ मध्ये केला: दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या. या रेषा ४९५.९ आणि ५००.७ नॅनोमीटरवर आहेत. फिल्टर तेवढाच प्रकाश आत सोडतो आणि दिव्यांचा बहुतेक उजेड अडवतो, त्यामुळे तेजोमेघ फारसा मंद न होता मागचे आकाश काळे होते. अंधाराला सरावलेला डोळाही ५०७ नॅनोमीटरच्या आसपासच सर्वाधिक संवेदनशील असतो, हा निसर्गाने जुळवून आणलेला योग मला दर वेळी नव्याने आनंद देतो. फिल्टर कमी वर्धनाच्या आयपीसवर लावावा. जास्त वर्धनावर तो सगळेच दृश्य अंधारे करतो.

डोळे तयार करणे

डोळा अंधाराला सरावण्यासाठी किमान अर्धा तास द्यावा. मोबाइलचा पांढरा पडदा क्षणभर पाहिला तरी हा सराव मोडतो, म्हणून नकाशे कागदावर छापून आणावेत आणि बॅटरीवर लाल जिलेटिनचा कागद दुहेरी लावावा. दूरच्या वस्तीवरचा एखादा दिवासुद्धा डोळ्याच्या कडेने त्रास देतो. अशा वेळी सोलापुरी चादर डोक्यावरून आयपीसपर्यंत ओढून घ्यावी. थंडीपासूनही बचाव होतो. आयपीसवर मात्र श्वास जाऊ देऊ नये, कारण काच लगेच धुरकटते.

मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या मध्यभागी नसून भोवताली असतात. त्यामुळे तेजोमेघावर थेट नजर रोखली की तो नाहीसा होतो आणि नजर किंचित बाजूला नेली की परत उमटतो. उजव्या डोळ्याने पाहत असाल तर नजर तेजोमेघाच्या उजवीकडे ठेवावी, डाव्याने पाहत असाल तर डावीकडे. उलट केले तर प्रतिमा डोळ्याच्या अंधबिंदूवर पडण्याचा संभव असतो. नळीला बोटाने हलकी टिचकी मारावी, कारण स्थिर मंद डाग न दिसला तरी हलणारा डाग डोळा पकडतो.

हेलिक्स शोधणे

महाश्व तारकासमूहाच्या मोठ्या चौकोनातली पश्चिमेची बाजू म्हणजे पूर्वा भाद्रपदांचे दोन तारे. ही रेषा दक्षिणेकडे लांबवली की मीनास्य हा ठळक तारा येतो. दक्षिणेकडे तोंड करून हात लांब धरला असता मीनास्यापासून एका मुठीच्या अंतरावर, वर आणि थोडा उजवीकडे, उप्सिलॉन तारा आहे. तो ४० पट वर्धनाच्या दृश्यात मध्यभागी आणावा. हेलिक्स त्याच्या पश्चिमेला १.२ अंशांवर आहे. आरशाच्या दुर्बिणीत दिशा उलटसुलट होतात, म्हणून दुर्बीण हलवायचे थांबवून तारे कोणत्या बाजूने दृश्याबाहेर सरकतात ते पाहावे, तीच पश्चिम. त्या दिशेने जवळपास एक दृश्यक्षेत्र सरकले की थांबावे, फिल्टर लावावा आणि दोन-तीन मिनिटे शांतपणे पाहत राहावे. प्रथम आकाशाचा एक गोल तुकडा किंचित उजळ वाटतो, मग त्याचा मध्य कडेपेक्षा काळसर जाणवतो. छायाचित्रांतले लाल-निळे रंग इथे दिसणार नाहीत. दिसते ते करडे वलय.

एनजीसी २४६

आता चौकोनाची पूर्वेकडची बाजू, म्हणजे उत्तरा भाद्रपदा, दक्षिणेकडे लांबवावी. ती रेषा तिमिंगलातल्या डिफ्डा या दुसऱ्या प्रतीच्या ताऱ्याजवळ पोहोचते. त्याच्या उत्तरेला सुमारे सात अंशांवर फाय-१ आणि फाय-२ हे दोन मंद तारे शेजारी शेजारी आहेत. त्यांना पाया धरून दक्षिणेकडे समभुज त्रिकोण कल्पावा. तिसऱ्या टोकाला एनजीसी २४६ आहे. हर्षेल यांनी तो १७८५ मध्ये शोधला. त्याची प्रत अकराच्या आसपास आणि व्यास सुमारे चार कलांचा (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आहे. फिल्टरशिवाय तिथे काही तारे तेवढे दिसतील. फिल्टर लावला की ते तारे मंदावतात आणि त्यांच्या भोवतीची धुरकट चकती वर येते. जागा पक्की झाल्यावर फिल्टर काढून ८० पट वर्धनाने पाहावे. चकतीच्या मध्यातला बाराव्या प्रतीच्या आसपासचा तारा हाच तो वायू सोडणारा तारा.

दिसले ते तिथेच लाल उजेडात कागदावर रेखाटावे. आधी तारे, मग त्यांच्या संदर्भाने तेजोमेघाची कड, आणि बाजूला तारीख, वेळ, वर्धन व फिल्टर यांची नोंद. रेखाटताना डोळा अधिक बारकाईने पाहतो. छायाचित्राशी तुलना घरी आल्यावरच करावी, नाहीतर माहीत असलेले तपशील दिसल्यासारखे वाटू लागतात.

हे दोन्ही साधले की चैत्रातल्या अमावास्येच्या सुमारास सप्तर्षींमधला एम ९७ घ्यावा. सप्तर्षींतल्या पुलह ताऱ्यापासून पुलस्त्य ताऱ्याच्या दिशेने सव्वादोन अंशांवर तो आहे. तो उत्तर आकाशात असल्यामुळे त्या रात्री मंद्रूपऐवजी शहराच्या उत्तरेला, बार्शी रस्त्याकडे, नान्नजच्या माळढोक अभयारण्याची हद्द सोडून जागा शोधावी.