चाकाच्या बेअरिंगचा आवाज घरच्या घरी कसा ओळखावा

बेअरिंग खराब होऊ लागले की चाकाकडून एकसुरी घरघर येऊ लागते आणि ती गाडीच्या वेगाबरोबर वाढते. इंजिनाच्या फेऱ्यांशी तिचा संबंध नसतो. त्यामुळे मोकळ्या, सरळ रस्त्यावर, आवाज स्पष्ट येतो त्या वेगाला गिअर क्षणभर न्यूट्रलमध्ये घ्यावा. इंजिन मंदावूनही घरघर तशीच राहिली, तर दोष चाकांकडे शोधावा. असमान झिजलेले टायरही जवळपास असाच आवाज करतात. मात्र डांबरावरून काँक्रीटवर गेल्यावर टायरचा आवाज लगेच बदलतो, बेअरिंगचा फारसा बदलत नाही.

बाजू ओळखण्यासाठी त्याच रस्त्यावर गाडी सावकाश डावी-उजवीकडे वळवून पाहावी. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो, म्हणून तेव्हा आवाज वाढला तर बहुधा उजवे बेअरिंग दोषी असते. हा अंदाज समजावा, निकाल नव्हे, कारण गाडीच्या सांगाड्यातून आवाज पसरतो आणि पुढचे चाक की मागचे याबाबत कान सहज फसतो.

पुढची तपासणी सपाट, टणक जागेवर करावी. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून अडण लावावी, गाडी नेमून दिलेल्या जागीच जॅकने उचलावी आणि भार स्टँडवर घ्यावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालू नये. चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळातील 12 आणि 6 च्या जागी, धरून आलटून पालटून दाबावे. टकटक जाणवली तर दुसऱ्या व्यक्तीला ब्रेक दाबून धरायला सांगावे: ब्रेक दाबताच प्ले (चाकाची सैल हालचाल) नाहीसा झाला तर संशय बेअरिंगवर, आणि तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शनच्या इतर जोडांवर घ्यावा. पुढच्या चाकात 9 आणि 3 च्या जागी आढळणारा प्ले टाय रॉड एंडचाही (स्टीअरिंगची दांडी चाकाकडे जोडणाऱ्या सांध्याचाही) असू शकतो.

येथे अनेकजण चुकीचा निष्कर्ष काढतात. प्ले नाही म्हणून बेअरिंग चांगले आहे असे मुळीच समजू नये. गोळ्या ज्यावरून फिरतात ती आतली पट्टी खरवडली गेलेले बेअरिंग चांगलाच आवाज करते, पण हाताला घट्टच लागते. अशा वेळी इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये आणि त्या चाकाचा ब्रेक मोकळा असल्याची खात्री करून, एका हाताने त्या चाकाच्या सस्पेन्शनची कॉइल स्प्रिंग (वेटोळ्यांची स्प्रिंग) हलकेच धरावी आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवावे. बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंगमधून बोटांना बारीक, खरखरीत कंप जाणवतो. मग दुसऱ्या बाजूचे चाक तसेच फिरवून पाहावे. या तुलनेइतकी भरवशाची खूण घरी दुसरी मिळत नाही. डिस्कला पॅड घासण्याचा हलका सरसर आवाज मात्र वेगळा असतो आणि तो बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो.

आजच्या बहुतेक गाड्यांतील बेअरिंग सीलबंद असते, त्यामुळे ग्रीस भरून ते सुधारत नाही, बदलावेच लागते. बेअरिंगमध्ये प्ले आढळला असेल, तर ते बदलेपर्यंत गाडी चालवू नये.