डाय घेण्याआधी बॅरलवरचा शिक्का वाचा

उडवलेलं काडतूस घरी पुन्हा भरताना त्याची केस, म्हणजे पितळी कवच, ज्या साच्यात दाबून मूळ मापावर आणतात तो साचा म्हणजे डाय. .३०८ विंचेस्टर, .३०-०६ स्प्रिंगफील्ड आणि .३०० ब्लॅकआउट या तिन्ही काडतुसांत बुलेट एकाच व्यासाची बसते, ७.८२ मिमी. केस मात्र तिघांच्या वेगळ्या: अनुक्रमे सुमारे ५१, ६३ आणि ३५ मिमी लांब. म्हणून नुसता ‘तीसची डाय द्या’ असं सांगून चालत नाही. बॅरलवर कोरलेलं पूर्ण नाव जसंच्या तसं डायच्या डब्यावर असलं पाहिजे.

त्याआधी कायद्याचं. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार काडतुसांच्या निर्मितीला वेगळा परवाना लागतो, रायफल बाळगण्याचा परवाना त्याला पुरत नाही. मुंबईत रायफलीचा परवाना पोलीस आयुक्त देतात; निर्मितीच्या परवान्यासाठी कुठे अर्ज करायचा ते त्यांच्याकडेच लेखी विचारा. तिथून लेखी उत्तर मिळेपर्यंत प्रेसवर (डाय बसवायच्या दाबयंत्रावर) पैसे घालू नका.

आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ .३१५ चा होतो. इशापूरच्या .३१५ स्पोर्टिंग रायफलचं काडतूस म्हणजे ८×५० आर मॅनलिखर. .३१५ इंच म्हणजे ८ मिमी, पण ते नळीच्या आतलं माप. बुलेट त्याहून जाड, सुमारे ८.२ मिमी. ‘८ मिमी’ एवढंच सांगून मागवलं तर हातात बहुधा ८×५७ माउझरचा संच पडतो. ती केस रिमलेस आहे, म्हणजे तिच्या बुडाला बाहेर आलेली कड (रिम) नाही, आणि ७ मिमीने जास्त लांब आहे. तिच्या डायमध्ये .३१५ ची केस नीट साइझ होणारच नाही, म्हणजे मापावर येणार नाही. ८×५६ आर हे तिसरंच काडतूस, त्याची बुलेट ८.३६ मिमीची. ती आपल्या नळीत जाता कामा नये, दाब धोक्याच्या पातळीला जातो. ऑर्डरवर ‘८×५० आर’ असंच लिहा. रिमचा व्यास व्हर्नियरने मोजून शेल होल्डरही (प्रेसवर केसचं बूड धरणारा भाग) त्याच मापाचा घ्या. शेल होल्डरचे नंबर प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात: .३०८ साठी आरसीबीएसचा ३ नंबर लागतो, लीचा २.

काही जोड्यांना एकच डाय चालते. .३०८ आणि ७.६२×५१ यांची डाय एकच, तसंच .२२३ रेमिंग्टन आणि ५.५६×४५ यांचंही. पण डाय एक म्हणून काडतूस एक, असं समजू नका. लष्करी केसचं पितळ सहसा जाड असतं, आत जागा कमी उरते, त्यामुळे तेवढ्याच पावडरीला दाब जास्त येतो. ५.५६ चं चेंबर (रायफलीत काडतूस बसतं ती जागा) पुढे मोकळं असतं, .२२३ चं आखूड. म्हणून ५.५६ चं काडतूस .२२३ च्या रायफलीत टाळावं.

एका घराण्यातल्या काडतुसांपासून जास्त सावध राहायला हवं. .२४३ विंचेस्टर आणि ७ मिमी-०८ ही दोन्ही .३०८ च्या केसवरून निघालेली. शेल होल्डर तोच, नेकचं (बुलेट धरणाऱ्या मानेचं) माप वेगळं. .३०८ ची केस .२४३ च्या डायमध्ये दाबली तर नेक बारीक होते खरी, पण जाडही होते. शिवाय बुडावरचा शिक्का .३०८ चाच राहतो, आणि पुढे ते काडतूस भलत्याच रायफलीत जाऊ शकतं. .२७० विंचेस्टर .३०-०६ वरून आलं, तरी त्याची केस एक मिमीहून थोडी जास्त लांब असते.

पहिल्यांदा केसच्या आत टॉर्च मारा. मधोमध एक भोक असेल तर बॉक्सर प्रकारचा प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी), साधी डाय चालेल. दोन बारीक भोकं दिसली तर बर्डन, तिथे डायची डिकॅपिंग पिन (जुना प्रायमर ढकलून काढणारी) मोडते.

मग डाय बसवणं. प्रेसचा रॅम (केस वर ढकलणारा दांडा) पूर्ण वर नेऊन शेल होल्डरला टेकेल इतकी डाय फिरवा आणि पाव फेरा मागे घ्या. आधी त्याच रायफलीत उडवलेल्या केसचं शोल्डर (नेकखालचा उतरता खांदा) गेजने मोजून ठेवा. मग थोडं थोडं खाली घेत, बोल्ट-ॲक्शनसाठी शोल्डर ०.०५ ते ०.०८ मिमी मागे गेलं की लॉक रिंग घट्ट करा. डायचे आटे इंचाला १४ असतात. एक फेरा म्हणजे १.८१ मिमी, म्हणून ०.०५ मिमीसाठी जेमतेम दहा अंश फिरवायचं असतं. लोक इथे अर्धा फेरा मारतात. शोल्डर जास्त मागे गेलं की दर वेळी केस बुडाजवळ ताणली जाते, तिथे चमकदार कडं उमटतं आणि पुढच्या एखाद्या फायरला ती तिथूनच तुटते. पेपरक्लिपचं टोक वाकवून आतून घासा, खाच लागली तर केस भंगारात.

ल्युब (केसला लावायचं वंगण) कमी पडलं तर केस डायमध्ये अडकते, जास्त झालं तर शोल्डरवर खड्डे पडतात. कार्बाइड डाय असली तरी बॉटलनेक केसला (बाटलीसारखी बारीक मान असलेल्या) ल्युब लागतंच.

जूनपासून मुंबईच्या हवेत डायच्या आतल्या भिंतीला सहज गंज धरतो आणि तो गंज पुढच्या प्रत्येक केसवर ओरखडे काढतो. काम झालं की डाय उघडून पुसा, तेलाचा पातळ हात द्या आणि सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा. वापरण्याआधी हे तेल पूर्ण काढायला विसरू नका.